शंभरातले सोळा

होव्हर्सनांच्या चार पिढ्यांत ‘बाहेरचा’ ठरलेला पहिला माणूस म्हणजे डेल. पणजोबा नॉर्वेहून वायोमिंगच्या या खोऱ्यात आले तेव्हा त्यांनासुद्धा कुणी बाहेरचं म्हटलं नव्हतं, असं घरात सांगत. इथल्या मूळच्या शोशोनी लोकांना अर्थात कुणी विचारलं नव्हतं.

ही गोष्ट उघड झाली जानेवारीत, हार्डवेअरच्या दुकानात. खिळे, रंग आणि शिकारीचे परवाने तिथे एकाच गल्ल्यावर मिळतात. गल्ल्यावर बर्निस होती. डेल बारा वर्षांचा होता तेव्हापासून त्याचा परवाना तीच काढत आलेली. ती संगणकाच्या पडद्याकडे बघत सवयीने प्रश्न वाचत होती. जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग. मग म्हणाली, “गेल्या वर्षभरात दुसऱ्या कुठल्या राज्याचा रहिवासी परवाना घेतला होतास का?”

डेलने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तो दोन वर्षं नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरीवर कामाला होता. घर इथे, बायको इथे, कुत्रा इथे, घरपट्टीही इथलीच. पण तिथल्या एका रविवारी छावणीतली पोरं तळ्यावर निघाली. बाहेरच्यांचा मासेमारीचा परवाना महाग आणि तिथल्या रहिवाशाचा स्वस्त. छावणीतल्या पत्त्याची चिठ्ठी दाखवली की काम होतं, असं कुणीतरी म्हणालं. डेलने चिठ्ठी दाखवली. त्या परवान्यावर त्याने वर्षभरात अकरा मासे धरले आणि तिथल्या तिथे तळून खाल्ले. एका राज्यात रहिवासी म्हणून सही केली की दुसऱ्या राज्यातलं आपलं रहिवासीपण गळून पडतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ते आठवलं नव्हतं, इतकंच.

“डेल,” बर्निस आवाज खाली करून म्हणाली, “मला हल्ली कमी दिसतं. एखादा प्रश्न वाचायचा राहूनही जातो.”

डेलच्या मागे रांगेत त्याचा नवा शेजारी उभा होता. मार्टिन केसलर, परराज्यातल्या फ्रेस्नोचा निवृत्त दातांचा डॉक्टर. गेल्या मे महिन्यात त्याने डेलच्या कुंपणापलीकडचं घर विकत घेतलं होतं. तो मागे नसता तर आपण काय उत्तर दिलं असतं, हे डेलला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही.

“घेतला होता,” डेल म्हणाला. “लिही.”

बर्निसने लिहिलं. मग बोटांवर महिने मोजले. डेल परत आला होता सहा नोव्हेंबरला. तेव्हापासून सलग एक वर्ष इथे काढल्याशिवाय तो पुन्हा रहिवासी होणार नव्हता. एल्कचा, म्हणजे तिथल्या त्या थोराड हरणाच्या शिकारीचा, हंगाम संपतो एकतीस ऑक्टोबरला. सहा दिवस कमी पडत होते.

“म्हणजे यंदा आपण दोघेही बाहेरचेच की!” मार्टिनने मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. “मला वाटलं होतं मी एकटाच आहे!”

ती थाप डेलच्या पाठीत कित्येक महिने राहिली.

त्या भागात एल्कचे परवाने शंभर. त्यातले चौऱ्याऐंशी राज्यातल्यांना आणि सोळा बाहेरच्यांना. तीन वर्षांपूर्वी गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी झाली होती, तेव्हा डेलने उभं राहून भाषण ठोकलं होतं. “सोळा कशाला? दहा करा! हिवाळ्यात गवताच्या गंजी आम्ही राखायच्या, कुंपणं आम्ही बांधायची, आणि शिंगं भिंतीवर लागणार मिशिगनात?” त्याचा जुना मित्र बड याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली होती. टाळ्या पडल्या होत्या. सोळाचे सोळाच राहिले, पण ते भाषण गावाच्या लक्षात राहिलं.

आता डेलने त्याच सोळांच्या रांगेत अर्ज टाकला. सोळातले बारा परवाने वर्षानुवर्षं अर्ज करून गुण साठवलेल्यांना जातात, उरलेले चार निव्वळ नशिबाने. मे महिन्यात निकाल लागला आणि चारांतला एक डेलला मिळाला. त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर पेन्सिलीने गणित केलं. सोळाचे दहा झाले असते, तर नशिबाचे दोनच उरले असते, फार तर तीन. त्याने कागद चुरगाळला.

जूनमध्ये मार्टिन कुंपणाशी आला. त्याचं वर्ष वीस मेला भरलं होतं आणि राज्यातल्यांचे अर्ज बंद झाले एक जूनला.

“डेल, हे बघ रे, हे काय आलंय? चांगलं असतं का हे?”

फोनवर त्याचा परवाना होता. तोच भाग, नर एल्क, रहिवासी. पहिल्याच अर्जाला.

डेलने चष्मा लावून तो वाचला आणि चष्मा काढून परत वाचला. राज्यातल्यांत नऊ अर्जांमागे एक परवाना निघतो. डेलने सव्वीस वर्षं अर्ज केले होते. हिशोबाने त्याला तीनदा मिळायला हवा होता, मिळाला होता दोनदा. तो तिसरा परवाना नक्की कुठे गेला, हे आता त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. नारिंगी टोपी घालून कुंपणाला टेकून हसत होता.

“चांगलं असतं,” डेल म्हणाला.

“आयत्या बिळावर नागोबा,” घरात आल्यावर त्याने जोलीनला सांगितलं.

“मग तू पण मागच्या वर्षी बिळातच राहायचं होतंस,” त्याची बायको म्हणाली. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती. “अकरा माशांपायी गेलास ना बाहेर?”

खरी अडचण पुढेच होती. डेलला जायचं होतं केटल खोऱ्यात. तिथे त्याच्या वडिलांनी त्याला पहिला एल्क दाखवला होता. गेली चार वर्षं तिथे शिंगांना दोन्हीकडे सहा-सहा फाटे असलेला एक नर होता, त्याला डेल दर सप्टेंबरला, प्रसंगी कामावरून सुट्टी काढून, दुर्बिणीतून बघून यायचा. दोन्ही वर्षं तेलाच्या विहिरीवर डोळे मिटले की डेलला तो नर दिसे. पण केटल खोरं संरक्षित रानात आहे आणि तिथे बाहेरच्या शिकाऱ्याने वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा वायोमिंगचा कायदा. एक तर धंदेवाईक वाटाड्या लावायचा, नाहीतर राज्यातल्या एखाद्या रहिवाशाने खात्यातून फुकटचा कागद आणून वाटाड्या व्हायचं.

“बडला विचार,” जोलीन म्हणाली. “तो झोपेतसुद्धा येईल.”

“बडला काय सांगू? मिशिगनवाल्यांच्या रांगेत उभा आहे म्हणून?”

“मग हद्दीच्या अलीकडे मार. एल्क काय पाटी वाचून फिरतात?”

“केटलमध्येच जायचंय.”

जोलीनने शेंग मोडली. “मग ज्याला आधीच माहीत आहे त्याला विचार.”

डेलला ते विचारायला अडीच महिने लागले. शेवटी सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी तो कुंपण ओलांडून गेला आणि मार्टिनच्या ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मार्टिन इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

“म्हणजे मी? मी तुझा वाटाड्या? अरे, मला केटल खोरं नकाशावरसुद्धा सापडत नाही!”

“कागदावर तुम्ही, डॉक्टर. रानात मी.”

“दातांचंही असंच असतं,” मार्टिन म्हणाला. “सही माझी, काम नर्सचं.” आणि तो पुन्हा हसला. डेलला वाटलं, निदान नाही तरी म्हणायचं होतं. नाही म्हणाला असता तर मोकळेपणाने राग धरता आला असता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते डेलच्या खेचरावर तंबू लादून निघाले. सहा मैलांवर, एका फरच्या झाडावर हद्दीची तपकिरी पाटी आहे. त्या पाटीपाशी डेल थांबला. सात वर्षांपूर्वी याच पाटीच्या आत त्याला एक मिशिगनवाला एकटा सापडला होता. ‘माझा वाटाड्या तिकडे वर धारेवर आहे,’ असं तो सांगत होता. डेलने त्याच दुपारी वनरक्षकाला फोन लावला होता आणि पुढे वर्षभर बडच्या गॅरेजमध्ये त्या माणसाची नक्कल करून दाखवली होती. ‘तिकडे वर धारेवर!’

“काय झालं?” मार्टिनने विचारलं.

“काही नाही. खोगिराचा पट्टा.”

तळ पाटीच्या जरा अलीकडेच टाकला. तिथल्या दोन दिवसांत डेलला मार्टिनमध्ये न आवडण्यासारखं काहीच सापडलं नाही, आणि हेच त्याला सर्वांत जास्त आवडलं नाही. दुर्बीण नवी, पण तो ती न मागता पुढे करायचा. बूट नवे, तरी त्याच्या पायाला फोड आले नाहीत. डेलची गुडघेदुखी पहाटे उठून बसायची आणि हा एकसष्ट वर्षांचा माणूस शीळ घालत कॉफी करायचा. पर्ल, म्हणजे डेलचं खेचर, चौदा वर्षांत डेलव्यतिरिक्त कुणाच्या हाताला लागलं नव्हतं. मार्टिनच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असतात हे कळल्यावर ते दुसऱ्या दिवशी त्याच्या मागेमागे फिरायला लागलं.

“लबाड,” डेल खेचराच्या कानात म्हणाला.

तिसऱ्या पहाटे केटलच्या बाजूने नराची शीळ ऐकू आली. लांब, वर चढत जाणारी, शेवटी गुरगुरत तुटणारी. मार्टिनचा कप हातातच थांबला.

“तोच?”

“असेल,” डेल म्हणाला. तोच होता.

डेलने मनात रात्रीच ठरवून ठेवलं होतं. खोऱ्याच्या वरच्या टोकाला एक खिंड आहे. दगड, वारा आणि खुरटं गवत. तीस वर्षांत तिथे त्याला एल्कची एक लेंडी दिसली नव्हती. त्याने मार्टिनला तिथे नेऊन एका खडकामागे बसवलं.

“इथून हलू नका, डॉक्टर. मी खालून फिरून जनावरं वर हाकतो. आली तर तुमच्यासमोरूनच जातील.”

“आणि मी तुझ्याबरोबर असायला नको का? कायद्याने?”

“हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर आहे मी.”

मार्टिनने मान हलवली आणि स्वतःचा थर्मास त्याच्या हातात दिला. “तू घेऊन जा. मी बसूनच आहे. तुला चालायचंय.”

डेल थर्मास घेऊन खाली उतरला. एक मैल. एवढ्यावरून हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं.

साडेनऊला तो खोऱ्याच्या तळाशी एका आडव्या पडलेल्या झाडाशी पोचला. वरच्या उतारावर, सावलीत, नऊ माद्या चरत होत्या आणि त्यांच्या मागे तो उभा होता. मान काळी, पाठ फिकट पिवळी, शिंगं मागे टाकली की टोकं पुठ्ठ्याला लागतील एवढी. दोनशे दहा यार्ड. रात्रीची थंड हवा अजून उतारावरून खाली डेलकडे येत होती, तिला त्यांचा वास होता. डेलने बंदूक खोडावर टेकवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली छेदरेषा नराच्या खांद्यामागे स्थिर झाली. त्याच्या आयुष्यात इतकी स्थिर ती कधीच झाली नव्हती.

आणि त्याच्या डोक्यात, त्याच्याच आवाजात, गॅरेजमधली नक्कल ऐकू आली. माझा वाटाड्या तिकडे वर धारेवर आहे.

त्याने श्वास सोडला. परत घेतला. कुणाला कळणार होतं? मारायचं, मग खिंडीत जाऊन मार्टिनला घेऊन यायचं. तो काही विचारणार नाही. तो उलट अभिनंदन करील. मिठीसुद्धा मारील. मांस उचलायला मदत करील आणि जोलीनला सांगेल की काय नेम होता. आणि मग कुंपणापलीकडे आयुष्यभर एक माणूस राहील, ज्याच्या चांगुलपणावर डेलच्या भिंतीवरची शिंगं टांगलेली असतील. एल्क चोरीचा ठरेल हे तर होतंच. पण त्याहून जास्त त्याला हे सोसवेना.

त्याने बंदुकीचा सुरक्षा-खटका लावला आणि मार्टिनला आणायला निघाला. रागाने चालला होता, म्हणून नेहमीच्या वाटेने, झाडीच्या आडून, लांबच्या वळशाने नाही गेला. सरळ उताराच्या पायथ्याने, माद्यांच्या थेट खालून गेला. तोवर पावणेदहा झाले होते. ऊन समोरच्या खडकांवर आलं होतं. ऊन आलं की जमीन तापते, हवा हलकी होते आणि वारा फिरून वर चढायला लागतो. हे डेलला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. मानेला मागून झुळूक लागली तेव्हा तो थबकला. त्याच्या घामाचा, कॉफीचा, खेचराचा वास त्याच्या पुढे पुढे उतार चढत होता.

वर एका मादीने डोकं उचललं. मग सगळ्यांनी. जनावरं पळाली नाहीत. नुसती वळली आणि एकामागून एक वर निघाली, वासापासून दूर, दगडांवरून, तीस वर्षांत कधी गेली नव्हती त्या खिंडीकडे. शेवटी नर.

“नका,” डेल मोठ्याने म्हणाला. “अरे, तिकडे नका.”

वीस मिनिटांनी एकच बार ऐकू आला.

तो वर पोचला तेव्हा मार्टिन नराच्या मानेवर तळहात ठेवून बसला होता.

“डेल! तू म्हणालास तस्सं! माद्या आधी गेल्या, मग हा. तू अगदी माझ्यासमोर हाकून आणलास रे!”

डेलने शिंगांचे फाटे मोजले. सहा आणि सहा. मोजायची गरज नव्हती.

“हो,” तो म्हणाला. “हाकला.”

त्यांना चिरफाड करायला चार तास लागले. चामडं, मांड्या, खांदे, पाठीची पट्टी. डेल सांगत होता आणि मार्टिनचे हात ऐकत होते. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात काम केलेले ते हात नेमके चालत होते आणि डेलला त्यांचाही हेवा वाटला. शेवटी मार्टिनने नराच्या वरच्या जबड्यातले दोन सुळे काढले. एल्कचे हे सुळे हस्तिदंतासारखे असतात, शिकारी जपून ठेवतात. डेलला एकेक काढायला दहा मिनिटं लागायची आणि हिरडी फाटायची. मार्टिनने चाकूचं टोक दोनदा फिरवलं आणि सुळा तळहातावर आला, स्वच्छ.

“हा तुझा,” तो म्हणाला. “जोडीतला अर्धा वाटाड्याचा.”

“वाटाड्या तुम्ही आहात, डॉक्टर.”

“अरे घे रे!” मार्टिनने तो डेलच्या जाकिटाच्या खिशात टाकला आणि वर बटणही लावलं, लहान मुलाचं लावावं तसं.

मांसाची पहिली खेप पर्लवर लादून ते हद्दीच्या पाटीपर्यंत आले, तर तिथे वनरक्षक घोड्यावर बसलेला. रीस. सात वर्षांपूर्वी मिशिगनवाल्यासाठी आला होता तोच.

“डेल! मारलास का शेवटी?”

“यांनी मारला.”

रीसने मार्टिनचा परवाना पाहिला, मांसाला बांधलेली परवान्याची पट्टी पाहिली. मग डेलपुढे हात केला. डेलने आपला परवाना दिला. रीसने तो वाचला. घोड्याने दोनदा शेपटी हलवली इतका वेळ वाचला.

“अनिवासी,” तो म्हणाला. “तू?”

“अकरा मासे,” डेल म्हणाला. “मोठी गोष्ट आहे.”

“आणि वाटाड्या कोण?”

“मी!” मार्टिनने घडी घातलेला कागद काढला. रीसने त्या कागदाकडे पाहिलं, नव्या बुटांकडे पाहिलं, मग डेलकडे. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो काबूत आणून त्याने सवयीचा प्रश्न विचारला. “बार झाला तेव्हा दोघं बरोबर होतात?”

“अर्थात,” मार्टिन लगेच म्हणाला. “माझ्या शेजारीच होता.”

डेलने मार्टिनकडे पाहिलं. न मागता, न विचारता, दुर्बीण पुढे करावी तसं हेही पुढे केलं होतं.

“नव्हतो,” डेल म्हणाला. “मी खाली केटलमध्ये होतो. एकटा. मैलभर लांब.”

“डेल, अरे—”

“यांना मी खिंडीत बसवलं होतं. तिथे काही येत नाही म्हणून.” हे शेवटचं वाक्य रीससाठी नव्हतं. मार्टिनला ते समजायला एक क्षण लागला. मग त्याने खिंडीच्या दिशेने मान वळवली, आणि परत डेलकडे पाहिलं तेव्हा तो हसत नव्हता. डेलने त्याला न हसताना प्रथमच पाहिलं.

“तुझा वाटाड्या कुठे आहे असं मी विचारलं असतं,” रीस सावकाश म्हणाला, “तर काय सांगितलं असतंस?”

“तिकडे वर धारेवर,” डेल म्हणाला.

रीसने वही काढून दंडाची पावती लिहिली. ती फाडून देताना म्हणाला, “तुझा परवाना शाबूत आहे. गोळी झाडली नाहीस म्हणून. हंगाम अजून तीन आठवडे आहे. पण एकटा दिसलास तर बंदूक घेऊन जाईन.” मग घोडा वळवता वळवता, “बडला मी काही सांगणार नाही.”

“मीच सांगेन,” डेल म्हणाला. “तो नक्कल चांगली करतो.”

तळावर दोघांनी मांस झाडाला उंच टांगलं. पर्लने मार्टिनच्या खिशाला नाक लावलं, त्याने गोळी दिली नाही. बटाटे तळून होईपर्यंत उजेड सरत आला.

“खरंच तिथे काही येत नाही?” मार्टिनने शेवटी विचारलं.

“तीस वर्षांत नाही.”

“आणि तो नर तुझा होता.”

“नर कुणाचा नसतो,” डेल म्हणाला. मग खोटं बोलून कंटाळल्यासारखा म्हणाला, “हो. माझा होता.”

मार्टिनने ताटातला बटाटा इकडून तिकडे केला. “माझ्याकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे. दुसरा एखादा असेलच ना खोऱ्यात? की तो एकच होता?”

“चार फाट्यांचा एक आहे. मागच्या बाजूला.”

“मग उद्या जाऊ. पण बरोबर. माझा कागद आहे, माझी सही आहे. मी पुढे, तू मागे.”

डेलला हसू आलं नाही, पण त्याने मान हलवली.

सकाळी गवतावर दहिवर होतं. मार्टिन पुढे चालत होता, नवे बूट आता थोडे मळलेले. खिशातला सुळा डेलच्या छातीला टोचत होता. ओढ्यापाशी वाट फुटते. डावी वाट दलदलीत उतरते, उजवी खोऱ्याच्या मागे जाते. मार्टिन क्षणभर थांबला, दोन्हींकडे पाहिलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडे वळला.

डेलने त्याला जाऊ दिलं. मोजून बारा पावलं. मार्टिनचा उजवा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला, आणि ऐकून पर्लसुद्धा कान टवकारेल असा शब्द त्याच्या तोंडून निघाला. तो डेलने नीट ऐकून घेतला.

मग हाक मारली, “मार्टिन! उजवीकडे रे!”